गोष्टीत बुडणारी पोरं आणि घाटात सुटणारी पोरं : एकच का वेगवेगळी?

पवईनाका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे भाचा राहतो. वय २०. मूळचा सांगलीचा, इथे साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे. पोरगं गुणी. उलटून बोलत नाही, स्वतःचं ताट स्वतः घासतं. पण त्याची दोन रूपं आहेत आणि मला ती एकमेकांना जोडताच येत नाहीत.

पहिलं रूप. परवा त्याला म्हटलं, जरा दुधाकडे बघ, मी कपडे वाळत घालून येते. हा शेगडीपासून हातभर अंतरावर उभा, कानात इअरफोन, कुठलीशी गोष्ट ऐकत होता. गच्चीवरून उतरले तर वास जिन्यापर्यंत आलेला. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, ओट्यावरून ओघळ फरशीवर, आणि हा त्या ओघळात एक पाय ठेवून उभा. मोजा भिजून चिंब. "अरे!" म्हटलं तर असा दचकला की जणू मीच परक्याच्या घरात शिरलेय.

दुसरं रूप. रविवारी पहाटे तीनला गाडीची चावी खुंटीवर नसते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. धुकं असो, पाऊस असो. मागच्या महिन्यात ढोपर सोलून आला, म्हणाला बाथरूममध्ये घसरलो. आमच्या बाथरूममध्ये डांबर कधी टाकलं ते मला कळलं नाही.

मी एका लहान वाचनालयात काउंटरला बसते. "पुढचा भाग आला का" म्हणून कुलूप उघडायच्या आधी दारात उभी राहणारी पोरं मी रोज बघते, आणि त्यातलीच काही संध्याकाळी घाटात बघते. म्हणून विचारते : गोष्टीत असं बुडून जाणं आणि थराराच्या मागे लागणं ही एकाच भुकेची दोन ताटं आहेत का? गोष्टींनी ती भूक भागते का उलट चाळवते? बहीण म्हणते, मोबाइल काढून घे. मला वाटतं, गोष्टी काढून घेतल्या तर हा आठवड्याचे सातही दिवस घाटात दिसेल.

अनुभव सांगा. उपदेश नकोत, ते घरात भरपूर आहेत.

भडंगभक्त

रुमाल टाकून ठेवतो. आणि मोज्याचं काय झालं?

पवईनाका

धुतला. त्यानेच.

नाना_घाटावरचा

ताई, भाचा सांगलीचा म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं.

आमच्या वेळी गाड्या नव्हत्या, कृष्णा होती. आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीपासून पोरं त्यावरून उड्या टाकत आली. पाणी ४० फुटाला आलं की इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. पाणी चढायला लागलं की शाळा सुटायच्या आधीच आम्ही पुलावर. कठड्यावर उभं राहायचं, वरून ओंडका-बिंडका येतोय का बघायचं, तो जाऊ द्यायचा, मग मुटका. पाण्यात पडल्यावर धारेशी भांडायचं नाही. तिरकं तिरकं जायचं, काठ आपोआप जवळ येतो. जिथे उडी टाकली तिथून पार खाली निघायचो आणि ओल्या चड्डीवर गावातून चालत परत. त्या चालत येण्यातच निम्मी मजा, कारण बायका दारात उभ्या राहून शिव्या द्यायच्या.

आता तुमच्या प्रश्नाचं. आम्ही पाच जण. त्यात वाचणारा मी एकटा. दर्यावर्दी, चाचे, बेटं, खजिने, जे हाताला लागेल ते फस्त. कठड्यावर उभा राहिलो की मी सांगलीत नसायचो. बाकीच्या चौघांनी क्रमिक पुस्तकापलीकडचं पान कधी उलटलं नव्हतं, आणि त्यांची उडी माझ्यापेक्षा देखणी. तेव्हा गोष्टी वाचून पोरं उड्या टाकतात हे काही मला पटत नाही.

पण एक फरक होता. मी घाबरायचो. त्यांच्यापेक्षा जास्त. पाण्याखाली काय काय असू शकतं ते मला सगळं चित्रासारखं दिसायचं. गोष्टींनी मला कठड्यावर चढवलं खरं, पण दोन वेळा गोष्टींनीच खालीही उतरवलं. त्यातल्या एका वेळी आमच्यातला एक जण भोवऱ्यात सापडून अर्धमेला बाहेर आला.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझा खालचा मजला पूर्ण बुडाला. तेव्हापासून पुलावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. थरार कसला आता.

घाटवेडी

नाना, हा प्रतिसाद वाचून कुणी यंदा मुटका मारायला जाऊ नये म्हणजे मिळवली.

नाना_घाटावरचा

जाऊ नये. लिहायचं राहिलं. पोहता येणं वेगळं आणि पुरात पोहता येणं वेगळं.

नाइटशिफ्ट_७

मी २१. रात्री दोनपर्यंत गेम, मग झोप येईपर्यंत मालिका. माझं मत एकदम उलटं आहे. माझा सगळा थरार खुर्चीत बसून होतो. गेममध्ये मी इमारतींवरून उड्या टाकतो, जीप दरीत घालतो, भुतांच्या वाड्यात एकटा जातो. प्रत्यक्षात? पुसेगावच्या यात्रेत चुलतभावानं पाळण्यात बसवलं. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा मी त्याच्या शर्टाला असा लटकलो की बटणं तुटली. दोन. अजून घरात तोच विषय निघतो.

म्हणजे माझं तरी पोट गोष्टीत भरतं भावा. मावशींनी मोबाइल काढून घेऊ नये.

भडंगभक्त

शर्टाची किंमत वसूल झाली का?

तर्कट

थोडं शास्त्र सांगतो, कारण या दोन्ही गोष्टींवर वेगवेगळं बरंच काम झालेलं आहे. एमएला असताना वाचलं होतं.

थराराची हौस मोजायची पट्टी अमेरिकेतल्या मार्विन झुकरमन यांनी १९६४ मध्ये आणली. पुढे तिची जी आवृत्ती रूढ झाली तिच्यात ४० प्रश्न आहेत आणि ते चार गटांत पडतात. उंची, वेग, डोंगर, पाणी यांची ओढ हा पहिला गट. नव्या अनुभवांची ओढ हा दुसरा : अनोळखी गाव, कधी न ऐकलेलं संगीत, नवं खाणं. ताळतंत्र सोडायची ओढ हा तिसरा, दारू-पार्ट्यांचा. आणि चौथा, कंटाळा अजिबात सहन न होणं. आपण बोलताना हे चारही 'थरार' नावाच्या एका पिशवीत कोंबतो. ती पिशवी आधी सोडा, मग भाचा कुठल्या कप्प्यात आहे ते बघा.

बुडून जाण्याचंही तसंच. टेलेगन आणि अॅटकिन्सन यांनी १९७४ मध्ये ते मोजलं, संमोहनाला माणूस किती लवकर लागतो याचा शोध घेताना. नंतर २००० मध्ये ग्रीन आणि ब्रॉक यांनी खास गोष्टींपुरतं मोजलं. त्यांचा शब्द साधारण 'वाहून नेलं जाणं' असा आहे. जो जास्त वाहून जातो त्याला गोष्टीतल्या खटकणाऱ्या जागा कमी दिसतात आणि त्याची मतंही गोष्टीच्या बाजूला सरकतात, असं त्यांना आढळलं.

आता गंमत. बुडून जायचा हा गुण ज्याच्याशी जुळतो तो म्हणजे मनाचा मोकळेपणा, नव्याची आवड. म्हणजे झुकरमनच्या दुसऱ्या गटाचा सख्खा शेजारी. घाटात गाडी सोडणं पहिल्या गटातलं. त्यामुळे एकाच पोरात दोन्ही असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. नाइटशिफ्ट आणि नानांचे चार मित्र, दोन्ही उदाहरणं याच धाग्यात आलीच.

आणि जुळणं म्हणजे कारण असणं नव्हे. श्रावणात पाऊस पडतो, श्रावणातच उपास येतात. उपासानं पाऊस पडत नाही.

भडंगभक्त

मी चौथ्या गटात. हा प्रतिसाद अर्ध्यावर आल्यावर कळलं.

मिरजेची_तार

+१ तर्कट. उपासाचं आवडलं. आमच्या सासूबाईंना मात्र पटणार नाही.

घाटवेडी

मी २४, कऱ्हाडची. दर महिन्याला एक तरी गड. मला या धाग्यात एक गोष्ट खटकतेय. सगळे 'पोरं पोरं' म्हणताय आणि डोळ्यासमोर मुलगेच आहेत. मुलगा घाटात गेला की त्याला थरार म्हणतात, मुलगी गेली की आगाऊपणा. माझ्या काकूंनी मला विचारलं होतं, "कुठल्या सिनेमात बघितलंस गं हे?" आम्ही काही करायचं ठरवलं तर ते गोष्टीतूनच आलेलं असणार, आमचं स्वतःचं नसणारच!

आणि हो, मी वाचत नाही फारसं. झोप येते. पण वासोट्याला गेले तेव्हाचं सांगते. बामणोलीहून बोट, दीड तास. मोटारीच्या आवाजात कुणाला काही बोलता येत नाही, नुसतं शिवसागरचं पाणी बघत बसायचं. मग कोयनेच्या अभयारण्यातली दाट झाडी, वर ऊन आहे हे फक्त माहीत असतं, दिसत नाही. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की मी चालतेय हेच मी विसरले होते. पाय दुखत होते, ते कुणाचे तरी दुसऱ्याचे होते. शेवटी बाबूकड्यासमोर पालथी पडून खाली बघितलं तेव्हा कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, आणि सगळं एकदम फुटलं. परत मी म्हणजे मी. केस विस्कटलेत का, टोपी नीट आहे का.

मला वाटतं ताईंचा भाचा दुधात पाय ठेवून उभा होता ते हेच. फरक एवढाच की माझ्यासाठी गोष्ट म्हणजे रान.

पवईनाका

घाटवेडी, 'पोरं' म्हणताना माझ्या मनात दोन्ही होती, पण लिहिताना तसं उतरलं नाही हे खरं. माझ्या काउंटरवर भयकथा सगळ्यात जास्त नेणारी एक मुलगीच आहे, बारावीतली. तिला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते म्हणून तर नेते. वाटेनाशी झाली की परत देते."

शास्त्रीबुवा_हरिपूरकर

ही मुलगी मोठी रसिक होणार. तिनं जे सांगितलं ते रसशास्त्राच्या अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. नाटकातलं भय हे माझंही नसतं, माझ्या शत्रूचंही नसतं, अमुक ठिकाणचं अमुक वेळचंही नसतं. म्हणून ते चाखता येतं. घाटातलं भय मात्र शंभर टक्के स्वतःचं असतं, समोरून एसटी येत असते. एक भयानक रस, दुसरं निव्वळ भय. दोन्हीत छाती धडधडते म्हणून दोन्ही एक म्हणायचं असेल तर मग जिना चढल्यावरही रसनिष्पत्ती होते म्हणा.

आणि हे सांगलीकरांना सांगायला नको. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो इथेच, म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' करत यायचा. त्याला घाबरून उठून पळालेला प्रेक्षक दुसऱ्या रात्री पुन्हा पुढच्या रांगेत बसायचा असं आमचे आजोबा सांगत. त्यांनी ते त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं, तेव्हा मीठ किती आणि पीठ किती ते तुम्ही ठरवा.

तर्कट

बुवा, छाती धडधडण्याला एवढं हसू नका. झिलमन नावाच्या अभ्यासकाचं म्हणणंच असं की शरीराची उत्तेजना एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात सांडते. पहिला प्रसंग संपला तरी ती लगेच विरत नाही, आणि ती कशामुळे आली हे माणूस विसरलेला असतो. मारामारीचा सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे आवाज ऐका.

शास्त्रीबुवा_हरिपूरकर

ते आवाज मी भक्तिपट सुटल्यावरही ऐकलेत.

पेढेवाला_नव्हे

अवांतर : भडंगभक्त, तुमच्या नावावरून वाद घालायचा होता. भडंग हा पदार्थ नाही, ती पदार्थ येईपर्यंतची सोय आहे. कंदी पेढा हा पदार्थ.

भडंगभक्त

कंदी पेढा तोंडात टाकला की माणूस गप्प होतो, भडंग खाताना बोलता येतं. म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात आणि साताऱ्याला पेन्शनरांचं गाव.

पेढेवाला_नव्हे

पेन्शनर? आमच्याकडे पावसाळ्यात हजारो माणसं यवतेश्वरचा घाट पळत चढतात आणि पळत उतरतात. अर्धी मॅरेथॉन. २०१२ पासून. गाडी न घेता. तुम्ही पुलावर भडंग खात पाणी मोजा.

नाना_घाटावरचा

मोजतो. कुणीतरी मोजायला पाहिजे.

पारावरचा (संपादक)

पेढे-भडंग वेगळ्या धाग्यावर. तिथे मीही येतो.

हाडांचा_मित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्याजवळ. गाव सांगत नाही. पावसाळ्यात माझ्याकडे १८ ते २५ मधली जी पोरं येतात त्यात मनगट, खुबा, घोटा ठरलेले. मी व्यायाम करवून घेताना गप्पा मारतो, नाहीतर ती रडतात. पुस्तकं वाचतोस का, सिनेमे बघतोस का हे मी कधी विचारलेलं नाही. मी एकच विचारतो : सोबत कोण होतं?

जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत कुणीतरी असतंच. एकटा पडलेला विरळा. एकानं मला सांगितलं, "सर, वळण मला दिसलं होतं. पण मागच्यानं हॉर्न दिला." बस, एवढंच. हॉर्न दिला.

यावरही अभ्यास झालाय. गार्डनर आणि स्टाइनबर्ग, २००५. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं. तीन वयोगट : १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. एकटे असताना आणि मित्र बघत असताना. मित्र बघत असताना लहान दोन्ही गट जास्त धोका पत्करत होते, २४ च्या पुढच्यांना फारसा फरक पडत नव्हता. ताई, तुमचा भाचा २० चा. गोष्टींचा हिशोब नंतर करा, आधी पहाटे तीनला मागे कोण असतं ते बघा.

घाटवेडी

हे. हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. बुडून गेलेला माणूस स्वतःला विसरतो. रील काढायला कड्यावर गेलेला माणूस एक क्षणही स्वतःला विसरत नाही, तो सगळा वेळ स्वतःलाच बघत असतो. लांबून दोघांचा थरार सारखाच दिसतो. ठोसेघरच्या धबधब्यापाशी रेलिंगच्या पलीकडे जाणारा पाण्याकडे पाठ करून उभा असतो, बघितलंय का कधी? एवढा धबधबा आणि याची त्याला पाठ.

तर्कट

वाक्य चांगलं आहे म्हणून खरं असेलच असं नाही. रील काढणाराही एका गोष्टीतच बुडालेला असतो, फक्त त्या गोष्टीचा नायक तो स्वतः असतो.

घाटवेडी

मग ती गोष्ट वाईट आहे.

तर्कट

तो समीक्षेचा प्रश्न झाला, मानसशास्त्राचा नाही. :-)

बावधनकर

सगळे शिकलेले लोक बोलताय, मी शेतकरी गडी, बैलाचं सांगतो. तुम्ही विचारताय गोष्टीनं थरार येतो का. मी म्हणतो उलटं बघा की. थरार गोष्टीसाठी असतो.

बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला कोर्टानं अटी घालून परवानगी दिली. मधली सात वर्षं आमच्याकडे काय होतं? गोष्टी. अमक्याच्या खोंडानं कसा फज्जा, म्हणजे शेवटची रेघ, गाठला, तमक्याचा बैल कसा ऐन वेळी बुजला. शर्यत म्हणजे काही सेकंदांचा खेळ. डोळा मिटला की संपली. पण पारावर तेच सेकंद सात वर्षं पुरले. माझा पोरगा तेव्हा दहा-बारा वर्षांचा. त्यानं जाणत्या वयात शर्यत बघितलीच नव्हती, नुसती ऐकलेली. बंदी उठल्यावर पहिल्यांदा शर्यतीच्या घाटात (बैल पळायची वाट, तुमचा डोंगराचा घाट नव्हे) उभा राहिला, बैल सुटले, संपलं. माझ्याकडे बघून म्हणतो, "एवढंच?" लई हसलो. ऐकलेली शर्यत मोठी होती त्याच्यासाठी.

बगाडाचंही तेच. रंगपंचमीला आमच्या गावात बगाड्या, म्हणजे नवसाचा माणूस, शिडाला, म्हणजे लांब लाकडाला, बांधून वर चढतो, खाली बैल जुंपलेले, वाटेत माणसांचा समुद्र. बाहेरचे लोक म्हणतात केवढं धाडस. त्याला विचारा, तो धाडस म्हणणार नाही. नवस म्हणेल. त्यामागे गोष्ट आहे भैरवनाथाची, ती काढून घेतली तर नुसता लाकडाला बांधलेला माणूस राहतो.

मिरजेची_तार

बावधनकर, तुमचा "एवढंच?" माझ्या डोक्यातून जाणार नाही आता.

नाइटशिफ्ट_७

मला पॅराग्लायडिंगचं असंच झालं. पाचगणीला मित्रांनी पैसे भरून टाकले होते, नाही म्हणता आलं नाही. वर जाऊन डोळे मिटून घेतले. खाली उतरल्यावर जे मी सांगितलं ते सगळं गेममधलं होतं. कुणाला कळलं नाही.

शास्त्रीबुवा_हरिपूरकर

पाचगणीवरून आठवलं. तिथून हाकेच्या अंतरावर भिलार. २०१७ पासून पुस्तकांचं गाव. घराघरात कपाटं, ओसरीवर बसून फुकट वाचा. मी गेलो होतो तेव्हा एका घराच्या ओट्यावर एक मुलगा पोट धरून हसत काहीतरी वाचत होता आणि त्याच्या डोक्यावरून आकाशात लाल-पिवळी छत्री तरंगत गेली. त्यानं मान वर केली नाही. वरच्यालाही खालचा ठिपक्याएवढा दिसला असेल. ताईंच्या प्रश्नाचं चित्र काढायचं तर ते तिथे काढावं. उत्तर माझ्याकडे नाही.

नाना_घाटावरचा

बुवा, ओट्यावरचा मुलगा आणि छत्रीतला मुलगा जेवायला एकाच हॉटेलात भेटले असतील. मिसळ मागवून.

हाडांचा_मित्र

धागाकर्ती कुठे आहेत? चार दिवस झाले. आम्ही इथे रसनिष्पत्तीपर्यंत पोचलो, मूळ पोराचं काय?

मिरजेची_तार

ताई, मोबाइल काढून घेतला की काय? तुमचा नव्हे, त्याचा.

पवईनाका

आले आले. वाचनालयात पुस्तकमोजणी होती, कपाटं उपसायची म्हणजे संध्याकाळी कंबर धरून घरी. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. हाडांचा मित्र यांचा प्रश्न डोक्यात घेऊन रविवारी रात्रीच भाच्याला विचारलं. ओरडायचं नाही असं स्वतःला बजावून, समोर गरम पोहे ठेवून. म्हटलं, पहाटे तीनला मागे कोण असतं?

त्यानं पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला केले. (खोटं बोलायचं असलं की तो शेंगदाणे आधी खातो. बाजूला केले म्हणजे खरं येणार.) म्हणाला, "मावशी, बहुतेक वेळा कुणी नसतं. मी एकटाच जातो. गोष्ट ऐकायला."

मला काही कळेना. म्हटलं, गोष्ट ऐकायला घाटात? तर म्हणे घरी ऐकताना कुणी ना कुणी हाक मारतं. दूध बघ, दार बघ, गॅसवाला आलाय बघ. कासच्या रस्त्याला पहाटे कुणी हाक मारत नाही. हळूहळू जातो, तिकडे वर गाडी बाजूला लावतो, एक भाग संपवतो, उजाडलं की परत. "आणि गाडी चालवताना कानात?" म्हटल्यावर जरा थांबला. "एकाच कानात." म्हणजे आपण आठवडाभर ज्यांची दोन ताटं मांडत बसलो ते पोरगं एकाच ताटात कालवून खात होतं.

"आणि ढोपर?" त्यावर मान खाली. तो एकच दिवस चौघं होते. कानात काही नव्हतं. मागच्या गाडीवरचा मोबाइलवर शूटिंग करत होता आणि "हात सोड, हात सोड" ओरडत होता. यानं सोडला.

मी काय केलं ते सांगते, बरोबर की चूक तुम्ही बोलाच. पहाटे तीन बंद, पाच चालेल. गाडी चालू असताना कान मोकळे, दोन्ही. वर पोचल्यावर काय ऐकायचं ते ऐक आणि पोचल्याचा मेसेज टाक. त्या शूटिंगवाल्याबद्दल काही बोलले नाही. ढोपर बोललंय.

बहिणीला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे दोन्ही चालू ठेवलंस! हो, ठेवलं.

तर्कट

एका कानातला इअरफोनही लक्ष ओढतोच, दोन्ही मोकळे सांगितलेत ते उत्तम. बाकी माझे चार गट परत पिशवीत टाकतो. शांतता मिळावी म्हणून घाटात जाणारा माझ्या एकाही कप्प्यात नीट बसत नाही. फार तर दुसऱ्यात, एक पाय बाहेर ठेवून.

भडंगभक्त

तो पाय दुधात.

घाटवेडी

ताई, त्याला सांगा नोव्हेंबरात आमचा ग्रुप वासोट्याला जाणार आहे. बोटीत दीड तास कुणीही हाक मारत नाही, मोटारच एवढी ओरडते. वनखात्याच्या परवानगीसाठी ओळखपत्र लागतं. आणि संध्याकाळच्या आत परत, मुक्काम नाही.

पवईनाका

विचारते. एक सांगायचं राहिलं. एवढं काय असतं त्यात म्हणून काल त्याच्याकडून ती गोष्ट माझ्या मोबाइलवर घेतली. स्वयंपाक करता करता लावली. पहिल्या भागात एक माणूस विहिरीत उतरतो आणि वरून दोर कुणीतरी ओढून घेतं. तेवढ्यात भाचा दारात येऊन उभा. म्हणाला, "मावशी, वास येतोय."

तव्यावर भाकरी होती. काळी ठिक्कर.

नाइटशिफ्ट_७

मग दोर कुणी ओढला??

भडंगभक्त

नाव सांगा गोष्टीचं. लगेच.

पवईनाका

नाही सांगणार. तुमच्या घरी दूध असेल शेगडीवर.